कीर्तन : मोल की निर्वाह?

गावात अखंड हरिनाम सप्ताहाची बैठक बसली की हल्ली दोन प्रश्न आधी निघतात. कोणत्या महाराजांची तारीख मिळाली, हा पहिला. ते किती घेतात, हा दुसरा. हे दोन सुटले की चहा होतो, बैठक उठते आणि पोरे फ्लेक्स छापायला तालुक्याला जातात. मागच्या सप्ताहातल्या सात कीर्तनांतून गावाच्या पदरात काय पडले, एखाद्या पोराला एखादा अभंग तरी पाठ झाला का, हा तिसरा प्रश्न कोणी काढत नाही.

बैठकीबाहेर मात्र वाद रंगतो. पारावर बसलेले म्हातारे म्हणतात, कीर्तनाचा बाजार झाला, महाराज मंडळींनी धंदा मांडला. तरुण म्हणतात, महाराजांना पोट नाही का? डॉक्टर फी घेतो, वकील घेतो, मास्तर पगार घेतो, मग कीर्तनकारानेच उपाशी का राहावे? पन्नास वर्षे मी ही दोन्ही बोलणी ऐकत आलो. दोन्हींत थोडे थोडे सत्य आहे. पण दोन्ही बाजूंची नजर एकाच जागी खिळलेली असते, ती म्हणजे कीर्तनकाराच्या खिशावर. माझे म्हणणे असे की, या प्रश्नाचा निम्मा वाटा मंडपात मांडी घालून बसलेल्यांचा आहे. कीर्तनकाराची वृत्ती एकट्या कीर्तनकाराला राखता येत नाही. ती श्रोत्याला राखावी लागते. हे कसे, ते क्रमाने पाहू.

आधी शब्द पाहू. पोटाच्या कामाला आपल्या भाषेत जुना शब्द आहे वृत्ती. जोशाची वृत्ती, गुरवाची वृत्ती असे आपण म्हणत आलो. वृत्ती म्हणजे उपजीविका. पण वृत्ती म्हणजे मनाची ठेवणही. एखाद्याची वृत्ती चांगली आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या उत्पन्नाविषयी बोलत नसतो. एकाच शब्दाच्या घरात पोट आणि मन दोघेही नांदत होते. 'व्यवसाय' या शब्दाचे मात्र स्थलांतर झाले. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत व्यवसायात्मिका बुद्धी म्हणतात, तिचा अर्थ एका ठिकाणी निश्चित झालेली बुद्धी. तिथे व्यवसाय म्हणजे निश्चय. आज तो शब्द दुकानाच्या पाटीवर आहे. तेव्हा अमुक महाराज व्यावसायिक झाले, असे कोणी नाक मुरडून म्हणाले की मला वाटते, गीतेच्या अर्थाने झाले असते तर किती बरे झाले असते!

आपल्या संप्रदायाने पोटाच्या कामाला कधी हलके मानले नाही. तेरचे गोरोबाकाका मडकी घडवत होते, अरणचे सावतोबा मळा शिंपत होते, पंढरीत नरहरी सोनार दागिने घडवत होते, सेना महाराज लोकांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवत होते, नामदेवराय शिंप्याच्या घरचे, चोखोबा मंगळवेढ्याच्या कुसाच्या कामावर भिंत कोसळून गेले. ज्ञानेश्वर माउलींनी नेवाशाला शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण केली. तिच्या अठराव्या अध्यायात तर वाट्याला आलेले काम नीट करणे हीच ईश्वराची पूजा ठरवली आहे. म्हणून काम करून पैसा घेणे आणि देवाचे होणे यांत विरोध आहे, असे वारकऱ्याने म्हणू नये. गोरोबांचे मडके गळके असते आणि ते नुसते विठ्ठल विठ्ठल म्हणत असते, तर तेरच्या बायकांनी दुसरा कुंभार पाहिला असता.

पण या संतमालिकेत एक गोष्ट आपण पटकन ओलांडून जातो. गोरोबा मडके विकत, कीर्तन विकत नसत. सावतोबांच्या भाजीला भाव होता, अभंगाला नव्हता. पोटाची वृत्ती एकीकडे होती आणि नामाची वृत्ती दुसरीकडे. दोन्ही एकाच माणसात होत्या, पण एकीचा हिशेब दुसरीच्या वहीत लिहिला जात नव्हता. तुकोबारायांचे उदाहरण तर उघड आहे. घराणे वाण्याचे, घरात महाजनकी, सावकारी. 1630 च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात सारे बुडाले. पुढे आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली. मोल म्हणजे काय, व्याज म्हणजे काय, ऋणको सावकारासमोर कसा बोलतो, हे त्यांना आपल्यापैकी कोणाहूनही अधिक ठाऊक होते. कीर्तनाच्या मोलाविषयी ते बोलतात ते बाजार पाहिलेल्या माणसाचे बोलणे आहे.

ते काय बोलले, हे वारकऱ्याला सांगायला नको. ज्या गावी कीर्तन करावे तिथे जेवू नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात हार घेऊ नये. इतके सांगून ते थांबत नाहीत. ज्या घोड्यावरून किंवा बैलावरून आलो, त्याच्यापुरते दाणावैरणही मागू नये म्हणतात. आजच्या भाषेत गाडीखर्चसुद्धा नको. आणि शेवटी पैसा घेणाऱ्याची गती सांगताना त्यांनी देणाऱ्यालाही त्याच वाटेने पाठवले आहे. हा अभंग मी शेकडो वेळा चर्चेत ऐकला. प्रत्येक वेळी घेणाऱ्याचा अर्धा भाग ठासून सांगितला जातो. देणाऱ्याचा अर्धा भाग म्हणताना आवाज बारीक होतो. माझ्या मते त्या अभंगाचे खरे वर्म त्या उरलेल्या अर्ध्यात आहे. देणाऱ्याने काय पाप केले? तो तर बिचारा श्रद्धेने देतो. तरी तुकोबा त्याला सोडत नाहीत. का सोडत नाहीत, हे आपण पुढे पाहणार आहोत.

त्याआधी पूर्वपक्ष नीट ऐकून घेतला पाहिजे, कारण तो लटका नाही. आजचा तरुण कीर्तनकार म्हणतो, तुकोबांचा नियम मला मान्य आहे, पण तो पाळायचा कशावर? आजोबांची वीस एकर जमीन होती, ती वाटणीत तीन एकरांवर आली, आणि तीही कोरडवाहू. मी आळंदीला चार वर्षे राहिलो, माधुकरी मागितली, गाथा पाठ केली, ज्ञानेश्वरी लावून घेतली. त्या चार वर्षांत माझ्याबरोबरची पोरे कंपनीत लागली. आता घरभाडे आहे, पेट्रोल आहे, मृदंगवाल्याला द्यायचे आहे, मुलांच्या शाळेची फी आहे. फुकट कीर्तन करा असे मला जे सांगतात, त्यांतल्या बहुतेकांना पेन्शन आहे.

या बोलण्यावर आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनी खाली मान घालून विचार करावा. फुकट कीर्तन ज्यांनी केले, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी धान्याची कोठी भरलेली होती. ती कोठी होती म्हणून वैराग्य उभे राहू शकले. उद्या आपण सरसकट नियम केला की कीर्तनकाराने एक पैसाही घेऊ नये, तर फडावर कोण उरेल? ज्यांची बागायत आहे, ज्यांचा मुलगा नोकरीला आहे, असेच. भूमिहीन मजुराचा बुद्धिमान मुलगा, किंवा आता धीटपणे कीर्तनाला उभ्या राहू लागलेल्या मुली, यांना आपण दारातूनच परत पाठवू. कुंभार, शिंपी, माळी आणि मोलकरीण जनाबाई यांचा हा संप्रदाय, तो नकळत जमीनदारांचा होऊन बसेल. तुकोबांच्या अभंगाचा असा अर्थ होत असेल, तर आपले वाचन चुकते आहे.

आणखी एक न्यायाची गोष्ट. नव्या पिढीने काही बाबतींत आमच्याहून चांगले केले आहे. ती वेळेवर येते. आमच्या काळी नऊचे कीर्तन अकराला लागले तरी कोणाला काही वाटत नसे. नवी मुले आवाज राखतात, उच्चार स्पष्ट ठेवतात, व्यसनमुक्तीवर बोलताना स्वतः सुपारीलाही शिवत नाहीत. यालाही व्यवसायाची शिस्तच म्हणतात, आणि ती वाईट नाही.

मग बिघडले कुठे? ते समजण्यासाठी पूर्वीचा कीर्तनकार घडत कसा होता, ते पाहावे लागेल. नामदेवराय हे आपल्या कीर्तनपरंपरेचे आद्य पुरुष. पंढरीत त्यांचा केवढा मान, देव त्यांच्याशी बोलतो अशी ख्याती. परंपरा सांगते की संतांच्या मेळ्यात मुक्ताईंनी गोरोबाकाकांना विचारले, यांत पक्के मडके कोणते आणि कच्चे कोणते? गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत गेले. नामदेवरायांपाशी आल्यावर निकाल दिला, हे मडके कच्चे आहे. त्यानंतर नामदेवराय औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. ही कथा आपण गुरुमहिमा सांगताना वापरतो. मला तिच्यात दुसरेही काही दिसते. एवढ्या नावाजलेल्या कीर्तनकाराला कच्चे म्हणण्याचा अधिकार एका कुंभाराला होता, तो त्याने वापरला आणि नामदेवरायांनी तो मानला. थापटणे वापरणारा कोणी होता, म्हणून मडके पक्के झाले.

आपल्या कीर्तनाची सारी रचना हे थापटणे हातात ठेवूनच केलेली आहे. नारदीय कीर्तनात हरिदास पूर्वरंग आणि आख्यान घेऊन एकटा उभा असतो. वारकरी कीर्तनात कीर्तनकाराच्या मागे गावचे वीस-तीस टाळकरी उभे असतात. सेवेला एक अभंग घ्यायचा, चरणाचरणाने तो सोडवायचा आणि बोललेल्या प्रत्येक सिद्धांताला संतांचे प्रमाण द्यायचे. प्रमाणाचा पहिला शब्द कीर्तनकाराने उच्चारला की पुढचे मागून यायला हवे. पूर्वीचे टाळकरी शेतकरी, सुतार, गवळी असत. पण गाथा त्यांच्या तोंडात असे. कीर्तनकाराने चरण चुकवला तर मागून बरोबर चरण उठत असे, तोही सुरात. कोणी वाद घालत नसे, अपमान करत नसे, पण कीर्तनकाराच्या कानशिलावर थापटणे बसून जात असे. रात्री कीर्तन झाले की महाराज देवळातच मुक्कामाला असत. सकाळी काकड्यानंतर एखादा म्हातारा शेजारी येऊन बसे आणि हळूच विचारी, महाराज, रात्री दुसऱ्या चरणाचा अर्थ लावलात, तो अठराव्या अध्यायाशी कसा जुळतो? त्या एका प्रश्नाने महिनाभर अभ्यास होत असे.

आता मांडणी बदलली. सात दिवसांना सात महाराज. गाडी कीर्तनाच्या दहा मिनिटे आधी येते आणि आरती होताच निघते, कारण त्याच रात्री दुसरी तारीख असते किंवा पहाटे लांब पोचायचे असते. गायक आणि मृदंगवादक त्याच गाडीतून येतात. गावच्या टाळकऱ्यांना पोशाख चांगला असेल तर मागच्या ओळीत उभे करतात. पुढचे गायक महाराजांचेच असल्याने चरण चुकला तरी तेही चुकलेलाच उचलतात. एकाच गाडीतून घरी जायचे असते ना! सकाळी प्रश्न विचारायला जावे तर महाराज तिसऱ्या जिल्ह्यात. म्हणजे कच्चे मडके कच्चे आहे हे सांगणारा कोणी उरला नाही. मग मडक्याची परीक्षा कशावर? गर्दी किती जमली, मोबाइलवर किती जणांनी पाहिले आणि पाकीट किती जाड होते, यावर. पाकीट जाड झाल्याने कीर्तन बिघडले असे लोक म्हणतात. मला क्रम उलटा दिसतो. तपासणारे कान गेले. त्यांच्या रिकाम्या जागी पाकीट येऊन बसले. माप लागतेच, खरे माप हरवले की मिळेल ते माप माणूस हाती धरतो.

आता देणाऱ्याच्या पापाकडे वळू. वस्तू विकत घेतली की घेणारा गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाइकाचा एक हक्क असतो: मी पैसे मोजले आहेत, मला आवडेल ते द्या. बाजारात हे बरोबरच आहे. पण कीर्तन हे श्रोत्याला आवडेल ते देण्यासाठी उभे राहिलेले नाही. त्याच्या हिताचे, पण त्याला कडू लागणारे त्याच्या तोंडावर सांगण्यासाठी ते आहे. गिऱ्हाइकाला कडू कोण देतो? हसवा म्हटले की हसवावे लागते. सुनांवर विनोद, कॉलेजच्या मुलींच्या कपड्यांवर विनोद, नवराबायकोच्या भांडणाच्या नकला, हे सारे गिऱ्हाइकाच्या मागणीतून मंडपात आले. त्या मंडपात सुना आणि मुली बसलेल्या असतात, हेही विसरले जाते. ज्या परंपरेत मुक्ताई, जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई यांनी परमार्थ सांगितला, तिच्या गादीवरून बाईची टिंगल व्हावी, हे कोणत्या प्रमाणात बसते?

याहून खोल नुकसान न बोललेल्या गोष्टींचे होते. खतपत्रे इंद्रायणीत सोडल्याचा प्रसंग घ्या. प्रत्येक कीर्तनकाराला तो येतो आणि सांगताना रंगही भरतो. पण मंडप जर व्याजाने पैसे लावणाऱ्याने घातला असेल, तर पुष्कळांच्या तुकोबांना त्या रात्री खते आठवत नाहीत. ते थेट भंडाऱ्यावर जाऊन बसतात. पुण्यस्मरणाच्या कीर्तनाचेही तसेच. ज्या म्हाताऱ्याला शेवटची दोन वर्षे गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवले, त्याच्या वर्षश्राद्धाला हजार पाने उठतात, आणि महाराज मुलांच्या पितृभक्तीची तुलना पुंडलिकाशी करतात. सारा गाव ऐकतो आणि सारा गाव जाणतो. त्या क्षणी गावातल्या लहान पोरांना जो धडा मिळतो, तो दहा सप्ताहांनी पुसता येत नाही. तो असा की, पैसे मोजले तर संतांकडूनही हवे ते वदवून घेता येते. देणाऱ्याला तुकोबांनी घेणाऱ्याच्या वाटेने का पाठवले, ते इथे कळते. घेणाऱ्याने जीभ विकली आणि देणाऱ्याने ती विकत घेतली. एक हात पुढे झाल्याशिवाय दुसऱ्या हाताला सौदा करता येत नाही.

माझ्या गुरुजींचा एक साधा नियम होता. परतीच्या भाड्याचे पैसे स्वतःच्या खिशात असल्याशिवाय कीर्तनाला घरातून निघायचे नाही. मी तरुणपणी त्याला काटकसर समजत होतो. मी चार एकरांची शेती आणि शिवणयंत्र यांवर घर चालवले. एसटीच्या भाड्याची जुळणी करताना हा नियम जाचक वाटे. पुढे त्याचा अर्थ उमगला. ज्याच्या खिशात परतीचे भाडे आहे, त्याला कीर्तनात कोणाचे तोंड पाहून बोलावे लागत नाही. तुकोबांनी बैलाची वैरणही नाकारली ती याचसाठी असावी. वैरण मागितली की बैल ज्याच्या गोठ्यात बांधला, त्याच्या गोठ्याविषयी बोलता येत नाही. नियम पैशाच्या विटाळाचा दिसतो, पण रक्षण जिभेचे करतो.

असे असले तर पोटाचे काय, हा पूर्वपक्षाचा प्रश्न राहतोच. संप्रदायाच्या अलीकडच्या इतिहासात त्याची तीन उत्तरे मला दिसतात. पहिले विष्णुबुवा जोग महाराजांचे. त्यांनी 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे शिकणाऱ्याकडून विद्येचे मोल घेतले नाही. पोरे माधुकरी मागून शिकली. म्हणजे विद्यार्थ्याचे पोट आळंदीच्या दारादारांतून भरले. आज महाराष्ट्रभर जे कीर्तनकार दिसतात, त्यांच्यापैकी कितीतरी त्या भाकरीवर घडले. तिथे गावाने मोल दिले नाही, निर्वाह दिला. दुसरे उत्तर सोनोपंत दांडेकरांचे. ते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत, पुढे प्राचार्य झाले. पोट शिकवण्यावर, आणि परमार्थ कीर्तन-प्रवचनावर. त्यांनी संपादिलेली सार्थ ज्ञानेश्वरी आज घरोघर आहे. हे उत्तर गोरोबा-सावतोबांच्या जातकुळीचे. तिसरे गाडगेबाबांचे. ते कोणत्या फडाचे नव्हते, पण त्यांच्याकडून फडांनी शिकावे. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे, आणि कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. पैसा त्यांच्या कीर्तनालाही आला, पुष्कळ आला. पण तो पंढरपूर, नाशिक, आळंदीच्या धर्मशाळांत गेला. बाबांच्या हाती फुटके गाडगेच राहिले. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, नवसाला बकरे मारू नका, हे ते कोणाच्याही मंडपात म्हणू शकत होते ते यामुळेच.

तिन्ही उत्तरे वेगळी, पण तिन्हींत एक सूत्र आहे. पैसा येण्याला कोणाचीच हरकत नाही. कीर्तनाला भाव लागण्याला आहे. मोल आणि निर्वाह यांत फरक असा की मोल मागणीप्रमाणे चढते आणि निर्वाह गरजेप्रमाणे ठरतो. ज्याच्या क्लिप जास्त फिरतात त्याचे मोल जास्त. ज्याच्या घरी आजारपण आहे त्याचा निर्वाह जास्त. मोल आधी ठरते आणि त्यासाठी घासाघीस चालते. निर्वाह मागून येतो, आणि देणाऱ्याला त्याच्या बदल्यात काही मागता येत नाही. आई पोराला जेवू घालते त्याचे बिल होत नाही, म्हणून जेवण फुकट होते असेही नाही.

हे व्यवहारात कसे आणावे? सप्ताहाच्या चालकांना माझी हात जोडून विनंती आहे. मृदंगवादक, मंडपवाला, आचारी, आवाजाची यंत्रणा लावणारा, यांची मजुरी चोख आणि उघडपणे द्या. ते श्रम आहेत, तिथे भाव ठरवण्यात काही वाईट नाही. कीर्तनकाराशी मात्र भाव करू नका, आणि जो आधी आकडा सांगतो त्याला नम्रपणे नमस्कार करा. पण भाव न करता रिकाम्या हातानेही पाठवू नका. त्याच्या घराची विचारपूस करा, गावाला झेपेल तसा त्याचा निर्वाह चालवा, आणि नावाजलेल्याला जितके द्याल तितकेच नवशिक्यालाही द्या. सगळ्यांना सारखे दिले की बाजार आपोआप मोडतो. एका मंडपाचा पैसा एकाच धनिकाकडून घेऊ नका. घरटी शेर-पायलीची वर्गणी होती तेव्हा कीर्तन कोणा एकाचे नव्हते, म्हणून जीभही मोकळी होती. सात नावाजलेल्या तारखांऐवजी एखाद्या कीर्तनकाराला दोन-तीन दिवस गावात मुक्कामाला बोलवा. त्यांनी हरिपाठाला उभे राहावे, काकड्याला यावे, सकाळी प्रश्न ऐकावेत. मागे गावचे टाळकरी उभे करा, आणि त्यांना त्या लायकीचे करण्यासाठी वर्षभर देवळात गाथा वाचा. हे शेवटचे सर्वांत कठीण आहे आणि सर्वांत महत्त्वाचे. थापटणे हातात घ्यायचे तर आधी आपल्याला मडक्याचा नाद ओळखता आला पाहिजे.

येथे कोणी शंका घेईल की, महाराज, तुम्ही म्हणता ते ठीक. पण काळ बदलला, अशी निःस्वार्थ वृत्ती आता उरली कुठे? त्याला मी सप्ताहातला पहाटे दोनचा पहारा दाखवीन. सात दिवस वीणा खाली टेकवायचा नाही, असा आपला दंडक. दिवसा वीणा घ्यायला माणसे रांगेत असतात. पहाटे दोन वाजता मंडपात कोणी नसते. माइक बंद असतो, कुत्री गाद्यांवर झोपलेली असतात. तेव्हा एखादा दूध घालणारा, एखादा ऊसतोड करून आलेला, गळ्यात वीणा घालून उभा असतो आणि हळू आवाजात राम कृष्ण हरी म्हणत असतो. सकाळी त्याला गोठा पाहायचा असतो. त्याचे नाव फ्लेक्सवर नसते, त्याचा सत्कार होत नाही, आणि चुकून एक तास जास्त उभे राहावे लागले तरी तो कोणाला बोलत नाही. त्याला कोणीही पाहत नाही, तरी वीणा टेकत नाही.

ही वृत्ती प्रत्येक गावात आजही आहे. मी ती असंख्य गावांत पाहिली. कीर्तनकाराने व्यासपीठावर चढण्यापूर्वी त्या पहारेकऱ्याच्या पाया पडावे आणि मनाशी विचारावे, मंडप रिकामा असता, माइक बंद असता आणि पाकीट नसते, तर मी हाच अभंग इतक्याच मनापासून सोडवला असता का? चालकांनीही त्याच पहारेकऱ्याकडे पाहून विचारावे, आपण गावासाठी श्रोते घडवतो आहोत की गिऱ्हाइके? यंदाच्या सप्ताहाची बैठक बसेल तेव्हा तारीख आणि आकडा यांच्या आधी हा प्रश्न कोणीतरी काढावा. उत्तर लगेच मिळाले नाही तरी चालेल. प्रश्न निघाला, म्हणजे थापटणे पुन्हा हातात आले.

राम कृष्ण हरी.